विमानाला ऐकू आलं नाही तेव्हा

"बॅटरी काढलीत ना? मग बास. रिसीव्हरच्या एकाही वायरीला हात लावू नका. आधी मला सांगा, मोटर आधी थांबली की पंख आधी?"

घडीच्या टेबलावर विमान आणून ठेवलं होतं. दीड मीटरचे पंख, पिचकलेलं नाक, तुटलेला प्रॉप, पंखाच्या हलत्या पट्टीच्या, एलेरॉनच्या, फटीत अडकलेली बाजरीची पानं. भोवती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाची चार मुलं उभी होती. दोन महिने खपून त्यांनी ते बांधलं होतं. चार-पाच मिनिटं उत्तम उडालं, मग डावीकडच्या वळणात कुणाचं ऐकेनासं झालं आणि त्याच वळणात गोल गोल खाली येत पिकात घुसलं. "रेडिओ गेला काका," गळ्यात ट्रान्समीटर अडकवलेली मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती, "स्टिक पूर्ण मागे ओढली होती मी. काहीच झालं नाही."

काकांनी ऐकून घेतलं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'संपर्क' हा विषय कळवला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हा माळ आला. पुणे-सातारा रस्ता सोडून आत गेलं की डोंगराच्या पायथ्याशी गवत कापून केलेली एक धावपट्टी आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी तिथे रेडिओवर चालणारी विमानं उडवणारी मंडळी जमतात. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले हे काका, आयटीतले काहीजण, सगळे नुसतं 'डॉक्टर' म्हणतात त्या एक दंतवैद्य बाई आणि कॉलेजची मुलं. भाद्रपदात पावसाने उघडीप दिली होती, म्हणून त्या दिवशी गर्दी बरी होती. संपर्क तुटणं म्हणजे नेमकं काय तुटणं, हे इथले लोक हातात मल्टिमीटर घेऊन शोधतात. मला ती शोधाशोध जवळून पाहायची होती.

"रेडिओ गेला" हे उत्तर सगळ्यात आधी सुचतं आणि ते एकदा दिलं की पुढे कुणी काही विचारत नाही. मग नवा रिसीव्हर येतो, तो जुन्याच विमानात जुन्याच जागी बसतो आणि ते विमान पुन्हा पडतं.

मोटर आधी की पंख आधी

काकांच्या प्रश्नामागे सरळ तर्क आहे. ट्रान्समीटर स्टिकची जागा मोजतो आणि ते आकडे सेकंदाला पन्नास-शंभर वेळा, काही नव्या संचांत त्याहूनही जास्त वेळा, हवेत सोडतो. विमानातला रिसीव्हर ते उचलतो आणि प्रत्येक सर्व्होला, म्हणजे पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरला, विजेचा छोटा ठोका देतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला की सर्व्हो मध्यावर, एक किंवा दोन मिलिसेकंदांचा असला की या किंवा त्या टोकाला. म्हणजे शेपटीवरचा एलिव्हेटर हलायला दोन गोष्टी लागतात, निरोप आणि वीज. खाली उभ्या माणसाला दोन्हींची गैरहजेरी अगदी सारखी दिसते, विमान ऐकत नाही एवढंच कळतं.

वर विमानात मात्र या दोन घटना वेगळ्या घडतात. नुसता निरोप थांबला आणि वीज शाबूत असली तर रिसीव्हर आधीच ठरवून दिलेल्या फेलसेफ स्थितीत जातो. मोटर बंद होते आणि एलेरॉन, एलिव्हेटर, रडर सांगून ठेवलेल्या जागी येतात. वीजच गेली तर फेलसेफ पाळायलाही कुणी जागं नसतं. सगळे सर्व्हो जिथे असतील तिथे थांबतात. फक्त मोटर थांबली आणि पंख ऐकत राहिले, तर तिथे रेडिओचा संबंधच नाही. मोटर चालवणाऱ्या ईएससीने बॅटरी उतरलेली पाहून मोटर तोडलेली असते. आणि एकच पंख रुसला असेल तर तो सर्व्हो, त्याची तार, त्याचा कनेक्टर पाहायचा.

मुलांपैकी एकाने मोबाइलवर चित्रण केलं होतं. काकांनी ते तीनदा पाहिलं, एकदा डोळे मिटून नुसतं ऐकलं. मोटरचा आवाज कापल्यासारखा थांबत होता. पण विमान डावीकडे कललेलंच राहिलं. मुलांनी फेलसेफमध्ये थ्रॉटल शून्य आणि बाकी सगळं मध्यावर असं ठेवलं होतं. एलेरॉन मध्यावर आले असते तर वळण सैल पडलं असतं, ते पडलं नाही.

"म्हणजे त्याने फेलसेफ पाळलाच नाही," मुलगी म्हणाली.

"पाळायला तो होता का, ते बघायचं," काका म्हणाले.

चिमटा ज्याच्याकडे, आकाश त्याचं

काकांची पिढी वेगळ्या रेडिओवर शिकली. तेव्हा ७२ मेगाहर्ट्झचे, काहींकडे ३५ किंवा ४० मेगाहर्ट्झचे संच होते. ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्हीत एकाच आकड्याचा स्फटिक लागे. ७२ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकेका वाहिनीला २० किलोहर्ट्झ जागा. एकाच वाहिनीवर दोघांनी बटण दाबलं की हवेतलं विमान गेलंच. म्हणून मैदानावर एक फळी असायची आणि तिच्यावर वाहिन्यांचे आकडे लिहिलेले कपड्यांचे लाकडी चिमटे. आपल्या आकड्याचा चिमटा काढून ॲन्टेनाला लावल्याशिवाय ट्रान्समीटर सुरू करायचा नाही. हा नियम मोडणाऱ्याला माफी नव्हती, कारण शिक्षा दुसऱ्याच्या विमानाला व्हायची.

त्या रेडिओची एक गोष्ट काकांना अजून भावते. तो बिघडण्याआधी सांगायचा. पंख थरथरायचे, मोटर गचके द्यायची, ब्रशवाल्या मोटरच्या ठिणग्यांचा त्रासही सर्व्होंच्या थरथरीत दिसायचा. माणूस घाबरून विमान उतरवायचा आणि वाचायचा.

२००५ नंतर छंदाच्या बाजारात २.४ गिगाहर्ट्झचे संच आले आणि चिमटे हळूहळू गेले. हा रेडिओ एका वाहिनीवर बसत नाही. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तो सेकंदाला अनेकदा जागा बदलतो आणि कोणत्या क्रमाने उड्या मारायच्या हे फक्त त्याला आणि त्याच्या जोडीच्या रिसीव्हरला माहीत असतं. कल्पना जुनी आहे. अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये अमेरिकेत अशाच एका योजनेचं पेटंट मिळालं. पाणतीराला दिलेला रेडिओ आदेश शत्रूने अडवू नये म्हणून ८८ वारंवारतांवर उड्या मारायच्या, पियानोला पट्ट्या असतात तितक्या. भारतात २००५ च्या नियमांनी हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. त्यामुळे वायफाय, ब्लूटूथ आणि आपलं विमान एकाच पट्ट्यात सुखाने नांदतात, आणि बहुतेक वेळा खरंच नांदतात. निरोपाचा एखादा तुकडा हरवला तर पुढचा काही मिलिसेकंदांत येतो. उडवणाऱ्याला पत्ता लागत नाही.

इथेच मेख आहे. पत्ता लागत नाही म्हणून इशाराही मिळत नाही. शंभरातले चाळीस तुकडे हरवले तरी विमान गोड वागतं आणि मग एकाएकी काहीच पोहोचत नाही. जुन्या रेडिओत डोळ्यांनी दिसणारी गोष्ट नव्यात आकड्यांतच पाहावी लागते.

साडेबारा सेंटिमीटरची लाट

बाजूच्या टेबलावर डॉक्टरांचं ग्लायडर होतं. त्यांची तक्रार अगदी निराळी होती. विमान दूर गेलं आणि परत येताना नाक त्यांच्याकडे वळवलं की ट्रान्समीटर सिग्नल कमी असल्याची सूचना देई. शेपूट त्यांच्याकडे असताना सगळं ठीक.

२.४ गिगाहर्ट्झची लाट साडेबारा सेंटिमीटर लांब. रिसीव्हरच्या बारीक काळ्या तारेत ऐकणारा भाग तिचा चौथा हिस्सा, टोकाचे जेमतेम ३१ मिलिमीटर, जिथे बाहेरचं जाळीचं आवरण सोललेलं असतं. बाकीची तार नुसता रस्ता आहे. हे माहीत नसलेला माणूस टोक दुमडून चिकटपट्टीखाली दाबतो, बॅटरीच्या मागे ढकलतो किंवा तार जास्त वाटली म्हणून कापतो.

लाट छोटी असल्यामुळे अडथळेही छोटे पुरतात. जुन्या ७२ मेगाहर्ट्झची लाट चार मीटरांहून लांब, ती बॅटरीला वळसा घालून जाई. ही घालत नाही. लिथियम बॅटरी, मोटर, धातूचा पुशरॉड, उडवणाऱ्याचं स्वतःचं शरीर, सगळ्यांची सावली पडते. सर्वांत दाट सावली कार्बन फायबरची. तो वीज वाहतो, त्यामुळे त्याच्या आत बसलेला रिसीव्हर पेटीत कोंडल्यासारखा होतो. म्हणून चांगल्या ग्लायडरांच्या नाकाचा भाग काचतंतूचा किंवा केव्हलरचा करतात. डॉक्टरांच्या ग्लायडरचं नाक तसंच होतं, पण आत तोलासाठीचं शिसं आणि बॅटरी पुढे, रिसीव्हर त्यामागे, आणि दोन्ही ॲन्टेना मागे कार्बनच्या नळीत सरकवलेल्या. नाक समोर आलं की शिसं आणि बॅटरी मधे येत होती.

ॲन्टेनाची दिशाही महत्त्वाची. तारेभोवतीचं क्षेत्र मेदूवड्यासारखं असतं. तार वड्याच्या भोकातून उभी गेली आहे असं समजा. चहूबाजूंना भरपूर, टोकाच्या दिशेने जवळपास काही नाही. म्हणून रिसीव्हरच्या दोन ॲन्टेना एकमेकींशी काटकोनात लावतात, एकीचं टोक ट्रान्समीटरकडे वळलं तरी दुसरी आडवी असते. आणि म्हणूनच ट्रान्समीटरच्या ॲन्टेनाचं टोक विमानावर रोखू नये. बोट दाखवावं तसं टोक रोखणं नवशिक्यांना स्वाभाविक वाटतं, आणि नेमक्या त्याच दिशेला सिग्नल सगळ्यात कमी असतो.

डॉक्टरांनी नळीला दोन बारीक भोकं पाडली आणि दोन्ही टोकं प्लास्टिकच्या स्ट्रॉत घालून बाहेर काढली, एक आडवं, एक उभं. थोडा वाऱ्याचा अडथळा वाढला. त्यांनी तो मान्य केला. माझ्या मते या छंदात सौंदर्याशी केलेली एवढी तडजोड प्रत्येकाने करावी.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. सिग्नलची ताकद अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, अंतर दुप्पट तर ताकद चौथा हिस्सा. तरीही धडधाकट संचाचा पल्ला किलोमीटरच्या घरात असतो. दीड मीटर पंखांचं विमान चारशे मीटरवर गेलं की त्याचं तोंड कुठे आणि पाठ कुठे हे डोळ्यांना कळत नाही. नजर रेडिओच्या फार आधी संपते. त्यामुळे नजरेच्या टप्प्यातलं विमान ऐकेनासं झालं, तर दोष अंतराला देता येत नाही. तो बहुतेक वेळा विमानाच्या पोटात सापडतो.

वीज कमी पडते तेव्हा

मुलांच्या ट्रान्समीटरमध्ये मेमरी कार्ड होतं आणि त्यात उड्डाणाची नोंद. काकांनी ती लॅपटॉपवर उघडायला लावली. सिग्नलच्या ताकदीचा रकाना त्यांनी बोटाने खाली खाली पाहिला. आकडा सत्तरच्या आसपास खेळत होता, वळणात थोडा कमी, मग पुन्हा वर. धोक्याची सूचना पंचेचाळीसला मिळते. तिथवर तो कधी आलाच नाही. सत्तरवर असतानाच नोंद संपली.

"सिग्नल अंतराने किंवा ॲन्टेनामुळे जातो तेव्हा आकडा घसरत घसरत जातो. कमीजास्त होतो, झगडतो. इथे झगडा कुठे दिसतो?" काकांनी विचारलं. शेजारच्या रकान्यात रिसीव्हरला मिळणारं व्होल्टेज होतं. सुरुवातीला ५.१, शेवटी ४.७, ४.६ आणि मग रिकामं.

मग खरा प्रश्न आला. "मागच्या खेपेपेक्षा या खेपेला काय बदललं?"

मुलं एकमेकांकडे पाहू लागली. रेडिओत काहीच बदललं नव्हतं. फक्त जास्त जोर मिळावा म्हणून तीन सेलच्या बॅटरीऐवजी चार सेलची घातली होती.

रिसीव्हर आणि सर्व्होंना साधारण पाच व्होल्ट लागतात. मोटरच्या बॅटरीतून ते काढून देणारा भाग म्हणजे बीईसी, बहुतेक वेळा ईएससीच्याच पोटात. स्वस्त ईएससीत तो सरळ प्रकारचा असतो, म्हणजे वरचं व्होल्टेज उष्णता करून उडवून टाकतो. तीन सेलची पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टची. पाच वापरायचे, ७.६ जाळायचे. चार सर्व्हो मिळून दीड अँपिअर ओढत असतील तर साडेअकरा वॅट उष्णता. चार सेलची बॅटरी १६.८ व्होल्टची. तेवढ्याच कामाला आता पावणेअठरा वॅट, आणि तेही फोमच्या बंद पोटात, जिथे वारा शिरायला वाट नाही. बीईसी तापतो, एका मर्यादेनंतर स्वतःला वाचवायला बंद होतो. ईएससीचा स्वतःचा मेंदूही त्याच पाच व्होल्टांवर चालतो, म्हणून मोटरही त्याच क्षणी थांबते.

आणि पिकातून विमान शोधून आणेपर्यंत बीईसी थंड झालेला असतो. टेबलावर बॅटरी जोडली की सगळं व्यवस्थित चालतं. या एका कारणामुळे कितीतरी चांगले रेडिओ बदनाम झाले असतील.

काकांना मात्र तर्क पुरत नव्हता, त्यांना ते घडताना पाहायचं होतं. तुटलेल्या प्रॉपचा उरलेला भाग काढून टाकला. नवी भरलेली चार सेलची बॅटरी जोडली, पोटाचं झाकण लावलं, रिसीव्हरच्या रिकाम्या पोर्टला मल्टिमीटरच्या सुया लावल्या. मुलीने दोन्ही स्टिक सतत फिरवत ठेवल्या, एकाने थ्रॉटल मध्यावर आहे ना यावर लक्ष ठेवलं. पाच, पाच, ४.९. बराच वेळ काही झालं नाही. एक मुलगा म्हणाला, "काका, बहुतेक..." आणि मीटरवरचा आकडा कोसळला. चारही सर्व्हो होते तिथे थांबले, मोटर थांबली, ट्रान्समीटर टेलिमेट्री, म्हणजे विमानाकडून येणारी माहिती, हरवल्याचं बोलू लागला. थोड्या वेळाने ईएससीने बीप दिला आणि सगळं पुन्हा जिवंत झालं.

चौघांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो विमान उडतानाही दिसला नव्हता.

उपाय सोपा. स्विचिंग प्रकारचा स्वतंत्र बीईसी, जो जास्तीचं व्होल्टेज जाळत बसत नाही, आणि ईएससीकडून रिसीव्हरला येणाऱ्या तीन तारांपैकी मधली लाल तार कनेक्टरमधून काढून तिच्यावर चिकटपट्टी. ती राहिली तर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. पोटाला दोन खिडक्या, हवा यायला आणि जायला. येणाऱ्या खिडकीपेक्षा जाणारी मोठी, हे काकांनी दोनदा सांगितलं.

वीज कमी पडण्याच्या इतर वाटाही त्याच टेबलावर निघाल्या. सैल झालेला स्विच. हलताना घासणारा पुशरॉड, ज्यामुळे सर्व्हो सतत कण्हत राहतो. मोठा डिजिटल सर्व्हो अडकला तर एकटाच दोन-अडीच अँपिअर ओढतो. जुन्या बॅटरीपॅकच्या काळ्या तारेत आतल्या आत चढलेला गंज. कनेक्टर एकेक हलवून पाहायचा, ओढायचा नाही, आणि हलवताना सर्व्हो दचकतो का ते बघायचं.

जोडी न जुळणं

काही वेळा संपर्क तुटत नाही, जुळतच नाही. त्या दिवशी एक गृहस्थ मुलासाठी घेतलेला नवा संच घेऊन आले होते, रिसीव्हरचा दिवा मिणमिणतच राहत होता. बाइंड करताना ट्रान्समीटर आपली ओळख रिसीव्हरला देतो आणि तो ती कायमची लक्षात ठेवतो. दोघांची बोली एक हवी. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या पद्धती एकमेकींना समजत नाहीत, कधी नुसती फर्मवेअरची आवृत्ती पुढेमागे असली तरी अडतं. या गृहस्थांचं मात्र फारच साधं होतं. ट्रान्समीटर विमानाला चिकटून धरला होता, एवढ्या जवळून रिसीव्हर बधिर होतो. दोन मीटर मागे सरकले, दिवा स्थिर झाला. ट्रान्समीटरमध्ये दुसऱ्याच विमानाची मेमरी निवडलेली असणं हे दुसरं नेहमीचं कारण.

तीस पावलं

दुरुस्तीनंतर रेंज टेस्ट. ट्रान्समीटरमध्ये यासाठी वेगळी व्यवस्था असते, ताकद मुद्दाम कमी करायची. अनेक संचांत त्या वेळी पल्ला तिसाव्या हिश्शावर येतो. तीस पावलं, म्हणजे साधारण २८ मीटर, चालत जायचं. तिथे सगळं चाललं तर पूर्ण ताकदीत आठशे मीटरांच्या पुढे चालेल.

पण कशी करायची यावर सगळं आहे. विमान जमिनीवर ठेवायचं नाही, ओलं गवत लाट पिऊन टाकतं आणि चांगला संचही नापास होतो. कुणीतरी ते कमरेएवढ्या उंचीवर, शरीरापासून दूर धरायचं. मग सावकाश फिरवायचं, नाक, शेपूट, पोट, दोन्ही पंख. एका बाजूला सर्व्हो अडखळले तर सावली कुठे आहे ते तिथल्या तिथे कळतं. नंतर हेच मोटर चालू ठेवून, विमान घट्ट बांधून, कारण ईएससीचा गोंगाट मोटर फिरतानाच होतो. आणि विमानावर कॅमेरा असेल तर तोही चालू ठेवून. बऱ्याच ॲक्शन कॅमेऱ्यांचं वायफाय त्याच २.४ गिगाहर्ट्झवर बोलतं, रिसीव्हरपासून चार बोटांवर बसून. वायफाय बंद केलं की गूढ संपतं.

विमान नवीन असेल, पडलं असेल किंवा आत काहीही बदललं असेल तर ही चाचणी चुकवायची नाही. मुलांनी बॅटरी बदलल्यावर ती केली नव्हती. केली असती तरी या वेळचा दोष सापडला नसता, कारण तापायला वेळ लागतो. काकांनी हेही स्पष्ट सांगितलं. प्रत्येक चाचणी एकाच प्रश्नाचं उत्तर देते.

ऐकू येणं बंद झाल्यावर

दोन किलोचं विमान ताशी ७२ किलोमीटरने येत असेल तर त्यात चारशे ज्यूल ऊर्जा असते. तेवढंच वजन सहासात मजल्यांवरून खाली सोडलं तर जमिनीवर पोहोचताना जेवढी असेल तेवढी. फेलसेफ आहे तो यासाठी, विमान वाचवायला नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन आणि मौजेसाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट आहे. उडवायची जागा कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येते ते सरकारच्या डिजिटल स्काय संकेतस्थळावरच्या नकाशावर पाहायचं. ही मोकळीक टिकायची असेल तर प्रत्येक विमानाचा फेलसेफ तपासलेला हवा, असं मला मनापासून वाटतं. काही संचांत तो मुळात बंद असतो, काहींत 'शेवटचा आदेश धरून ठेव' असा. पूर्ण थ्रॉटलचा आदेश धरून निघून गेलेलं विमान किती लांब जाईल, सांगता येत नाही.

तपासणं मिनिटाचं काम. प्रॉप काढायचा, मोटर हळू फिरवायची आणि ट्रान्समीटर बंद करायचा. मोटर थांबलीच पाहिजे. एरवी मात्र क्रम पक्का, सुरू करताना ट्रान्समीटर आधी, बंद करताना विमान आधी.

फेलसेफमध्ये पंख कुठे ठेवायचे यावर माळावर दोन तट आहेत. एक म्हणतो सगळं मध्यावर, म्हणजे संपर्क क्षणभराचा गेला असेल तर विमान सरळ राहील आणि परत हाती येईल. दुसरा म्हणतो सरळ गेलेलं विमान गावात पोहोचतं, त्यापेक्षा ते गोल फिरत जवळच उतरलेलं बरं. डॉक्टर ग्लायडरमध्ये ब्रेक उघडून ठेवतात, कारण चांगलं ग्लायडर मोटरशिवायही कितीतरी लांब जाऊ शकतं. काका दुसऱ्या तटातले.

मुलांनी बराच वेळ वाद घातला. वाऱ्याची दिशा पाहिली, धावपट्टीच्या टोकाला उभं राहून दोन्ही बाजू न्याहाळल्या. डावीकडे ओढ्यापलीकडे वस्ती आणि शाळा, उजवीकडे डोंगराच्या पायथ्यापर्यंत नुसतं रान. अखेर त्यांनी थ्रॉटल शून्य, एलिव्हेटर किंचित वर, रडर थोडं उजवीकडे असं ठेवलं, प्रॉप नसलेल्या विमानाचा ट्रान्समीटर बंद करून पाहिला, आणि दुसऱ्या मैदानावर गेलो तर हे पुन्हा ठरवायचं असं पोटाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवलं.